शुद्धीवर आला म्हणजे बरा झाला असे नाही



कॅज्युअल्टीत रात्रपाळी करत होते तेव्हाची गोष्ट. एक आई २२ वर्षांच्या मुलाला रिक्षात घालून घेऊन आली. ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मिनिटाला जेमतेम चार-पाच श्वास. गर्दची नशा केली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, नॅलोक्सोनचे इंजेक्शन दिले. थोड्या वेळात पोरगा उठून बसला. सकाळी कागदावर ‘व्यसनमुक्ती केंद्रात दाखवा’ एवढे लिहून त्याला घरी पाठवले. कुठले केंद्र, कोणाला भेटायचे, हे कोणीच सांगितले नाही. मीही नाही. तीन आठवड्यांनी तोच मुलगा पुन्हा आला, तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. आई म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच तर बरा करून दिला होता ना?"

तो प्रश्न अजून माझ्या मागे आहे.

कोणती नशा?

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अफू, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या ही सगळी अफूच्या जातीची नशा. ती जास्त झाली की श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना पकडला, तो एमडीचा. एमडी, गांजा, ‘कुत्ता गोळी’ यांची जात वेगळी. त्यांच्यावर नॅलोक्सोन चालत नाही. म्हणून काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. गोळीचे पाकीट, बाटली सोबत न्या.

हा प्रश्न फक्त पंजाबचा नाही. केंद्र सरकारने एम्सकडून केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ घेतात. ज्या मोजक्या राज्यांत मदतीची गरज असलेले निम्म्याहून अधिक रुग्ण आहेत, त्यांत महाराष्ट्रही आहे.

इंजेक्शनने जीव वाचतो, आजार राहतो

नॅलोक्सोनचा असर थोडा वेळच टिकतो. तो उतरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते. ‘उठला, चला घरी’ असे करू नका.

मग सुरू होते ‘टर्की’ : अंग मोडून येणे, नाक-डोळे वाहणे, जुलाब, झोप उडणे. हे सहन न झाल्याने पोरगा पुन्हा नशेकडे जातो. काही दिवस नशा बंद राहिली असेल तर शरीराची सवय मोडलेली असते. जुन्याच मापाने घेतले की जीव जातो. आमच्या त्या मुलाचे बहुधा हेच झाले.

यावर ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी आहे. तिने टर्की शमते, ओढ कमी होते. ती टर्की सुरू झाल्यावरच द्यायची असते. आधी दिली तर त्रास वाढतो. म्हणून ती डॉक्टरांच्या हातूनच घ्यावी. "एक नशा सोडून दुसरी लावली," असे लोक म्हणतात. साखरेच्या रुग्णाला इन्सुलिन देतो, त्याला आपण व्यसन म्हणतो का? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवले आहे.

सगळ्यांनी मिळून

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ३२९ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त पत्ता देऊन पाठवले, त्यांच्यापैकी ३७ टक्के रुग्ण ३० दिवसांनी उपचारात होते. ज्यांना कॅज्युअल्टीतच ही गोळी सुरू करून पुढच्या डॉक्टरांशी जोडून दिले, त्यांच्यापैकी ७८ टक्के. चिठ्ठी देणे आणि हात धरून पोहोचवणे यांत एवढा फरक पडतो.

आपल्याकडे प्रत्येक कॅज्युअल्टीत ही सोय नाही. पण मागता येते. सुट्टी घेण्याआधी तीन गोष्टी विचारा :

१. मनोविकार विभागाच्या डॉक्टरांना इथेच बोलवाल का?
२. पुढची तारीख आणि ओपीडीचा खोली क्रमांक लिहून द्याल का?
३. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटता येईल का?

पहिल्या तारखेला घरातले कोणीतरी सोबत जाच.

घरात असे घडले तर

• हाक मारा, खांदा हलवा. उठत नसेल तर लगेच १०८ ला फोन करा.
• श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. एकटे सोडू नका.
• श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्या. ज्याला येते त्याने तोंडाने श्वासही द्यावा.
• मिठाचे पाणी, दूध, लिंबू पाजू नका. ते फुप्फुसात जाते.

पोलिसांची भीती

भीतीपोटी उशीर होतो आणि उशिराने माणूस जातो. पोलिसांचे सोपस्कार राहिले म्हणून तातडीचा उपचार अडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल जवळ असल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेता येते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ व्यसनाच्या आजारालाही लागू आहे. रुग्णवाहिका आणि तातडीची सेवा इतर रुग्णांइतक्याच दर्जाची मिळाली पाहिजे, जातीवरून भेदभाव होता कामा नये, असे त्यात लिहिले आहे. "हे गर्दुल्ले, बाहेर बसवा," असे कोणी म्हटले तर हे कलम आठवा.

पाचवे शील आणि आपण

आपल्या घरात पाचवे शील रोज म्हटले जाते. म्हणूनच असा मुलगा घरात निघाला की आपण लाजेने दार लावून घेतो. पण आजारी, मळलेला, सगळ्यांनी टाकलेला एक भिक्खू दिसला तेव्हा बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. त्याला त्यांनी आधी सेवा दिली. बोल लावायचेच होते तर ते त्याला टाकणाऱ्यांना लावले.

राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे, फोन मोफत लागतो. तो आज दारामागे लिहून ठेवा. आपल्या घरी गरज नसेल, शेजारच्या घरी असेल.