गुडघे बदलले आणि आई बरळू लागली

१. आईचे गुडघे उत्तम बसले. दुसऱ्या रात्री मात्र ती भिंतीवर मुंग्या दाखवू लागली, सलाईनची नळी ओढू लागली, मला मावशीच्या नावाने हाका मारू लागली. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू चढतो, हा काही तासांत उभा राहतो. सकाळी माणूस बरा वाटतो आणि दिवेलागणीनंतर पुन्हा बिघडतो. ‘वय झालंय, चालायचंच’ असं कुणी म्हणालं तरी गप्प बसू नका.

२. कारण शोधायला लावा. आईचं सोडियम उतरलं होतं. कुणाची लघवी तुंबलेली असते, कुणाला तिथेच संसर्ग होतो, कुणाचं पोट साफ होत नाही. न शमलेलं दुखणं डोकं फिरवतं आणि ट्रामाडॉलसारखं वेदनाशामकही फिरवतं, म्हणून मात्रेबद्दल विचारत राहायचं. रात्र शांत जावी म्हणून आपण होऊन झोपेची गोळी मागू नये. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी भ्रम वाढतो. पेशंट ती रोज घेत असेल, तर ऑपरेशनआधीच भूलतज्ज्ञांना सांगा, परस्पर बंद करू नका.

३. गुंगीत पडून राहणारा, जेवण नाकारणारा पेशंटही डिलिरियममध्ये असू शकतो. तो त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला याचीच सर्वांत काळजी वाटते.

४. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी लगेच परत द्या. पाणी पाजा, दिवसा पडदे उघडा, घरचं माणूस जवळ बसू द्या. शेरॉन इनोये यांनी १९९९ साली अमेरिकेत वॉर्डातल्या सत्तरीपुढच्या रुग्णांवर अशाच साध्या उपायांचा अभ्यास केला. डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं.

५. कमरेतून भूल दिली की मेंदू सुरक्षित, असं धरून चालू नका. खुब्याचं हाड मोडलेल्या १६०० रुग्णांच्या २०२१ च्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या भुलीत डिलिरियम जवळपास सारखाच आढळला.

६. भ्रम ओसरल्यावरही लक्ष लागत नाही, हिशेब चुकतात. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर साठीपुढच्यांची तपासणी करणाऱ्या १९९८ च्या अभ्यासात आठवड्याने सुमारे २६ टक्के, तर तीन महिन्यांनी १० टक्के लोकांत अशी घट दिसली. म्हणजे बहुतेक सावरतात. तरीही ऑपरेशनआधी महिने फाल्गुनापासून उलटे म्हणवून घ्या आणि कुठे अडतं ते लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. फरक दिसला, तर तो कागद घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.