शेवटच्या सैनिकापर्यंत
अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. उत्तरेच्या सैन्यातील अनेकजण अपंग होऊन घरी परतले. कित्येकांच्या विधवा व मुले निराधार झाली. अशांच्या साहाय्यासाठी डॉ. बेंजामिन स्टीफन्सन यांनी ६ एप्रिल १८६६ रोजी डिकेटर या गावी माजी सैनिकांच्या संघटनेची पहिली शाखा स्थापन केली. ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही ती संघटना. तिच्या शाखा गावोगावी निघाल्या. त्यांनी गरजूंना आधार दिला, निवृत्तिवेतनाची मागणी लावून धरली आणि १८६८ पासून दरवर्षी ३० मे रोजी सैनिकांच्या समाध्यांवर फुले वाहण्याची प्रथा रूढ केली. सदस्यत्व मात्र त्या युद्धातील सैनिकांपुरतेच होते. १९५६ मध्ये अखेरचे सदस्य अल्बर्ट वूल्सन निवर्तले व संघटना विसर्जित झाली. मे महिन्यातील तो स्मृतिदिन मात्र आजही संपूर्ण राष्ट्र पाळते.