गावचा आवाज : ध्वनिक्षेपकाचे सुख आणि त्याची किंमत

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे नांदेड-हिंगोली मार्गावरील गाव. केळी, ऊस आणि हळद यांचा हा परिसर. वीज आली, रस्ता आला, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खेळू लागले, तसे मराठवाड्याच्या या भागात लग्नाच्या मांडवापुढील वाद्यांचे स्वरूपही पालटत गेले. हलगी, संबळ आणि सनई यांच्या जोडीला प्रथम बँड आला, पुढे बाभळीच्या फांदीला बांधलेला कर्णा आला आणि आता ट्रॉलीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंतच वरातीपुढे चालते. तिला इकडे ‘डीजे’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात ‘डॉल्बी’. हे दुसरे नाव मोठे गमतीचे आहे. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली स्थापन केलेल्या संस्थेचे पहिले महत्त्वाचे काम ध्वनिफितीतील खरखर कमी करणे हे होते. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव आपल्याकडे गोंगाटालाच चिकटले.

या विषयावर बोलताना बहुधा तक्रारीचाच सूर लागतो. परंतु मोठ्या आवाजात एक खरेखुरे सुख आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय त्याचे नियमन करू पाहणारा अधिकारी अथवा सरपंच यशस्वी होणे कठीण आहे.

आनंद कशाचा?

या जिल्ह्याचा कान नामसंकीर्तनाने घडलेला आहे. संत नामदेवांचे म्हणून मानले जाणारे नर्सी हे गाव याच जिल्ह्यात. औंढा नागनाथ येथे नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिले नाही म्हणून ते मागील बाजूस गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. टाळ-मृदंगांच्या गजरात शंभर माणसे एका लयीत उभी राहतात, तेव्हा होणारा नादही काही मंद नसतो. सामूहिक आनंदाला मोठा आवाज नेहमीच लागत आला आहे. ढोलाचा खर्जातील ठोका केवळ कानाला ऐकू येत नाही, तो छातीला आणि पायांना जाणवतो. अंतर्कर्णात श्रवणाच्या इंद्रियाशेजारीच शरीराचा तोल राखणारे इंद्रिय असते आणि मोठ्या, खालच्या पट्टीतील ध्वनीने तेही चाळवले जाते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप थिरकू लागतात त्यामागे हेही एक कारण असावे.

याला सामाजिक बाजूही आहे. एकेकाळी अनेक गावांत काही समाजांच्या वाट्याला इतरांच्या दारी वाद्य वाजविण्याचे काम होते, परंतु स्वतःच्या मुलाची वरात वाजतगाजत मुख्य रस्त्याने नेण्याची मुभा त्यांना नव्हती. आज त्याच रस्त्याने १४ एप्रिलची मिरवणूक जाते, तेव्हा त्या आवाजात केवळ करमणूक नसते. आपण आहोत, ही ग्वाही त्यात असते. वर्षभर उन्हात राबणाऱ्या मजुराला लेकीच्या लग्नात दोन तास नाचावेसे वाटते, यालाही गोंगाट म्हणून हिणविणे योग्य नव्हे.

ध्वनिक्षेपकाने समाजाची सेवाही पुष्कळ केली आहे. मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ या व्यवसायसंस्थेने स्वातंत्र्यलढ्यातील सभांना ध्वनिक्षेपक पुरविले आणि मागच्या रांगेतील माणसापर्यंत नेत्यांचा शब्द पोहोचला. १९५६ साली पुणे आणि लगतच्या जिल्ह्यांतील गावांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. तेथे शेतीविषयक कार्यक्रम लोक एकत्र बसून ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. पुराचा इशारा, लसीकरणाची तारीख, ग्रामसभेची दवंडी यांसाठी आजही ध्वनिक्षेपकाइतके स्वस्त व खात्रीचे साधन दुसरे नाही.

कानाचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही, येथेच बहुतेकांची फसगत होते. डेसिबलचा आकडा १० ने वाढला की ध्वनीची शक्ती दसपट होते, २० ने वाढला की शंभरपट. म्हणजे ८० डेसिबल आणि १०० डेसिबल यांत पाव हिस्श्याचा नव्हे, तर शंभरपटीचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तरी चालतो. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला अवघ्या २० मिनिटांवर. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे १०० चा आकडा सहज ओलांडला जातो. वरात मात्र तीन-तीन तास चालते.

कानाच्या आतील शंखाकृती भागात सूक्ष्म रोम असलेल्या पेशी असतात. ध्वनीच्या लाटेने हे रोम हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. अतिमोठ्या आवाजाने या पेशी थकतात. वरातीहून परतल्यावर कान बधिर वाटतात, त्यांत शीळ वाजल्यासारखे होते, ते यामुळेच. विश्रांतीनंतर बऱ्याच अंशी ते बरे होते. परंतु तोच मारा वारंवार झाला की पेशी मरतात आणि मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. वर्गात मागच्या बाकावरील मुलाला ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद कळेनासा झाला, तर त्याचे लक्ष नाही असे ठरविण्यापूर्वी त्याचे कान तपासून घेतलेले बरे.

सर्वांत मोठी झळ कोणाला लागते? ट्रॉलीवर बसून यंत्र चालविणाऱ्या पोराला. लग्नसराईत तो रोज तेथे असतो, कानात साधा बोळाही नसतो. त्याखालोखाल झळ लागते ती वडिलांच्या खांद्यावर बसून भिंतीजवळ नेल्या जाणाऱ्या बालकांना. पाहुणा दोन तासांनी घरी जातो, हे दोघे मात्र आवाजाच्या तोंडीच राहतात.

न ऐकू आलेली हाक

मोठ्या आवाजाचा आणखी एक धोका कानाच्या आजारापेक्षा गंभीर आहे. एक आवाज दुसऱ्या आवाजाला गिळून टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर जो सविस्तर निर्णय दिला, त्याच्या मुळाशी अशीच एक घटना होती. १३ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी फोडलेला टाहो शेजारी चाललेल्या ध्वनिक्षेपकावरील संगीतात बुडून गेला, कोणालाही ऐकू आला नाही. पुढे त्या मुलीने स्वतःला पेटवून घेतले आणि तिचा अंत झाला. एका अभियंत्याने ही बाब न्यायालयापुढे मांडली. गावातही रात्री कोणाला साप चावतो, कोणाच्या गंजीला आग लागते, कोणाच्या दारी चोर येतो. अशा वेळी शेजाऱ्याला मारलेली हाक हीच पहिली मदत असते.

नियम काय सांगतात?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपक लावण्यासाठी दिवसाही सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात बंदिस्त सभागृह अथवा सार्वजनिक आपत्ती वगळता त्याचा वापर करता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्यशासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० ने अधिक अथवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून वर जाता कामा नये. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्या सभोवतालचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते.

सकाळी ६ ची अट सर्वांना सारखीच आहे. कार्तिकातील काकड्याला ती लागू आहे आणि पहाटेच्या अजानलाही. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्या निर्णयात तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कार्यवाही करावी, असेही म्हटले आहे. जेथे सारे एकमेकांच्या नात्यातले अथवा बांधाशेजारचे, त्या खेड्यात ही तरतूद फार मोलाची आहे.

तरीही प्रत्येक वरातीमागे पोलीस धाडणे शक्य नाही आणि इष्टही नाही. येथे बारडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. नांदेड जिल्ह्याच्या मुदखेड तालुक्यातील या मोठ्या गावात ग्रामपंचायतीने ठराव करून सर्वच धर्मस्थळांवरील भोंगे उतरविले होते. २०२२ साली भोंग्यांवरून राज्यभर वाद उसळला, तेव्हा या गावाकडे सर्वांचे लक्ष गेले. तो वाद पेटण्याच्या काही वर्षे आधीच बारडने आपला निर्णय घेतलेला होता. कोणाच्या विरुद्ध म्हणून नव्हे तर सर्वांसाठी, आणि भांडण नसताना घेतलेला निर्णय टिकतो, तो असा.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये भोंग्याचा उलटाच उपयोग केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी दीड तास बंद ठेवावेत, अशी ती सूचना असते.

बंदी हा एकच मार्ग आहे असेही नाही. उघड्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. या साध्या नियमाचा मांडवात चांगला उपयोग होतो. एका टोकाला एक अजस्र भिंत उभी केली, तर शेवटच्या पंगतीला ऐकू जावे म्हणून पहिल्या पंगतीचे कान फोडावे लागतात. त्याऐवजी चार लहान पेट्या चार ठिकाणी, माणसांच्या डोक्याच्या थोड्याच वर, तोंड आत करून लावल्या, तर आवाज कमी ठेवूनही सर्वांना स्वच्छ ऐकू येते आणि वस्तीकडे फार थोडा जातो. देवळाच्या शिखरावरील कर्णा मात्र गावाला ओलांडून शिवारात बोलतो, समोर बसलेल्या भाविकाला त्याचा काहीच उपयोग नसतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात आणि त्याच सुमारास जयंत्या व लग्नतिथी येतात. ग्रामसभेने जानेवारीतच वरातीचा मार्ग, शाळेपासूनचे अंतर आणि बंद करण्याची वेळ ठरवून ठेवली, तर मांडववाले आणि ध्वनिक्षेपकवाले यांना ते सुपारी घेतानाच सांगता येते. पोलीस पाटलांनी ठरावाची एक प्रत ठाण्यात द्यावी, एक चावडीवर लावावी आणि एक मुख्याध्यापकांकडे ठेवावी.