कडबाकुट्टीचे माप आणि दुधातील स्निग्धांश

पंढरपूरचे नाव घेताच आषाढी-कार्तिकीची वारी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु वारी ओसरल्यावरही या तालुक्यातील वाटांवर पहाटेची एक वर्दळ बारमाही असते. ती म्हणजे दुधाच्या किटल्या घेऊन संकलन केंद्राकडे निघालेल्या उत्पादकांची. केंद्रावर दुधाचे मोल केवळ लिटरवर ठरत नाही. गायीच्या दुधात ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ हे प्रमाण आधारभूत धरले जाते आणि त्याखाली उतरणाऱ्या दुधाचा दर कमी होतो. स्निग्धांश घटण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण गोठ्यातच, कडबाकुट्टी यंत्राच्या तोंडाशी असते. मात्र तेथे सहसा कोणाची नजर जात नाही.

रवंथाचे महत्त्व

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यामुळे भीमाकाठी ऊस व मका वाढला. त्यामुळे शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडब्याला उसाच्या वाढ्यांची आणि मक्याच्या मुरघासाची जोड मिळाली. हा चारा अखंड टाकल्यास जनावर पाने तेवढी खाते आणि धांडे तुडवून वाया घालविते. म्हणून कुट्टी करणे हिताचे आहे. परंतु कुट्टी जितकी बारीक तितकी चांगली, हा समज बरोबर नाही.

गाय रवंथ करते ती चाऱ्यातील लांब तंतूंमुळे. रवंथ करताना मोठ्या दुभत्या गायीच्या तोंडात दिवसाकाठी शंभर लिटरच्या घरात लाळ सुटते. लाळेतील क्षार कोठीपोटातील आम्लता आटोक्यात ठेवतात. चारा पिठासारखा बारीक झाला व त्यावर पेंड-भरडा भरपूर पडला, तर रवंथ कमी होते आणि आम्लता वाढते. मग तंतुमय भाग पचविणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंचे कार्य मंदावते. या पचनातून निर्माण होणारे ॲसेटिक आम्ल हेच दुधातील स्निग्धांशाचे प्रमुख साधन असल्याने स्निग्धांश घसरतो. ही स्थिती फार काळ राहिल्यास जनावराची भूक मंदावते व त्याचे खूरही दुखावतात.

मापनाची रीत

चाऱ्याचे तुकडे योग्य आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ मध्ये चाळण्यांची एक साधी पेटी प्रचारात आणली. आज तिच्यात तीन चाळण्या व तळाला एक थाळी असते. चाळण्यांची भोके अनुक्रमे १९, ८ व ४ मिलिमीटरची असतात. वरच्या चाळण्या मुद्दाम जाड ठेवलेल्या असतात. पातळ जाळीतून लांब काडी उभी होऊन निसटते व माप चुकते.

गव्हाणीत टाकलेल्या चाऱ्याचा नमुना न वाळविता वरच्या चाळणीत घ्यावा. पेटी सपाट जागी ठेवून ती सुमारे १७ सेंटिमीटर पुढे-मागे पाच वेळा हलवावी. नंतर ती पाव फेरा वळवून पुन्हा पाच वेळा हलवावी. असे आठ वेळा, म्हणजे एकूण ४० हेलकावे द्यावेत. मग प्रत्येक थरातील चारा काट्यावर तोलावा.

समजा, नमुना ४०० ग्रॅमचा असून थरांची वजने वरून खाली २४, १६०, ६० व १५६ ग्रॅम भरली. त्यांची टक्केवारी ६, ४०, १५ व ३९ अशी होते. एकत्र कालविलेल्या संपूर्ण आहारासाठी वरच्या चाळणीत २ ते ८, दुसरीत ३० ते ५०, तिसरीत १० ते २० आणि तळाशी ३० ते ४० टक्के अशी शिफारस आहे. अर्थात, ही शिफारस मुख्यतः तिकडील अधिक दूध देणाऱ्या कळपांसाठी आहे. आपल्याकडे चारा व पेंड बहुधा वेगवेगळी दिली जाते. म्हणून हे आकडे नियम न मानता दिशादर्शक मानावेत.

या पेटीचा आणखी एक उपयोग आहे. सकाळी टाकलेला चारा व संध्याकाळी गव्हाणीत उरलेला चारा, दोन्ही चाळून पाहावेत. उरलेल्या चाऱ्यात लांब तुकड्यांचे प्रमाण बरेच वाढले असल्यास गाय निवडून खात आहे, म्हणजेच कुट्टी जाड आहे असे समजावे.

गोठ्यातील निदान

पेटी हाताशी नसली तरी डोळे उघडे ठेवता येतात. स्वस्थ बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करीत असाव्यात. शेण पातळ व फेसाळ होणे ही सावधगिरीची खूण होय. कुट्टी यंत्राची पाती बोथट झाल्यास कडबा कापला न जाता पिंजला जातो, म्हणून पात्यांना वेळेवर धार लावावी. मुरघासासाठी मक्याचे तुकडे एक ते दोन सेंटिमीटरचे असावेत, म्हणजे तो नीट दाबला जातो व आत हवा राहत नाही.

पंचायतीने अशी एक पेटी घेऊन ती दूध संस्थेत ठेवली, तर ती साऱ्या गावाला पुरेल. शाळेतील टक्केवारीच्या पाठासाठी शिक्षकांना याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल. पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी गावभेटीत हे प्रात्यक्षिक एकदा करून दाखविल्यास, दर घसरल्याचे कारण शोधताना उत्पादकाची नजर केंद्रावरील यंत्राबरोबरच स्वतःच्या गव्हाणीकडेही वळेल.