ओलसर घर, मुलांचा श्वास आणि डीह्युमिडिफायरची निवड

गोव्यात पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप बदलते. रात्रीचा कोरडा खोकला, छातीतून येणारा शिट्टीसारखा आवाज, सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक येणाऱ्या शिंका, अशी लक्षणे घेऊन मुले येऊ लागतात आणि त्यांच्या आया भिंतीवरील काळ्या डागांविषयी, कपाटातील कुबट वासाविषयी सांगू लागतात. अलीकडच्या काही वर्षांत या संभाषणात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : "डॉक्टर, मुलाच्या खोलीसाठी डीह्युमिडिफायर घ्यावा का? आणि घ्यायचा तर कोणता?" वरवर पाहता हा प्रश्न विजेच्या उपकरणांच्या दुकानातला वाटतो, परंतु त्यामागे मुलाच्या श्वासाची काळजी असते आणि पालकांच्या कष्टाचा पैसाही असतो. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देण्याचा हा प्रयत्न.

ओल आणि आजार यांचा संबंध

पणजीत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै महिन्यात बाहेरील हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे, त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते. त्याऐवजी २३ ग्रॅम असेल तर आर्द्रता ८५ टक्के, आणि १५ ग्रॅम असेल तर सुमारे ५५ टक्के. हे आकडे लक्षात ठेवावेत; यंत्राची निवड करताना ते उपयोगी पडतील.

आपल्या ओलसर घरांत मुलांच्या श्वसनमार्गाला त्रास देणारे जीव मुख्यत्वे दोन. पहिली बुरशी. भिंतीच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ ७५ ते ८० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत पसरतात. दुसरा, डस्ट माइट हा अंथरुणात, उशीत व गादीत राहणारा, एका मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जीव. तो पाणी पीत नाही, हवेतील ओलावाच शरीरात शोषून घेतो. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. त्याच्या विष्ठेतील प्रथिने ही ॲलर्जिक दम्याची प्रमुख कारणे होत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी व दम्याची तीव्रता यांचा धोका अधिक असतो, हे त्यांत स्पष्टपणे नमूद केले आहे.

यंत्र आणि औषध

मागे एका सात वर्षांच्या मुलाच्या पालकांनी जेवणाच्या डब्याएवढे एक छोटे यंत्र विकत आणले. मुलाचा दमा प्रतिबंधक इन्हेलरमुळे उत्तम आटोक्यात होता. यंत्राच्या भांड्यात रोज थोडे पाणी साठू लागले आणि ते पाहून पालकांची खात्री पटली की आजाराचे मूळच आता बाहेर पडत आहे. जुलैमध्ये त्यांनी इन्हेलर आपणहून बंद केला. ऑगस्टमध्ये एका मध्यरात्री ते मूल माझ्याकडे आले तेव्हा त्याला एक वाक्यही सलग बोलता येत नव्हते. त्याला तीन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले.

मूल सावरल्यावर मी त्याच्या आईला खोलीची छायाचित्रे आणण्यास सांगितले. पलंगाची उशाकडील बाजू ज्या भिंतीला टेकलेली होती, तिच्या पलीकडे न्हाणीघर होते. गुडघाभर उंचीपर्यंत भिंतीचा रंग फुगून त्याचे पोपडे सुटले होते. भिंतीतील नळाचा सांधा गळत होता! प्लंबरने तो दुरुस्त केला, पलंग दुसऱ्या भिंतीकडे हलवला गेला आणि इन्हेलर पुन्हा नियमित सुरू झाला. दिवाळीनंतर भिंत वाळली. पुढचा पावसाळा त्या मुलाने शाळा न बुडवता काढला.

भांड्यात साठलेले पाणी डोळ्यांना दिसते; श्वासनलिकेची सूज दिसत नाही. म्हणूनच अशी गल्लत सुबुद्ध पालकांचीही होते.

प्रथम मोजमाप, मग ओलीचा शोध

यंत्र घेण्यापूर्वी आर्द्रतामापक, म्हणजेच हायग्रोमीटर घ्यावा. त्याची किंमत यंत्राच्या मानाने अत्यल्प असते. तो मुलाच्या पलंगाजवळ ठेवून आठवडाभर सकाळ, दुपार व रात्री आकडे लिहून काढावेत. त्याचबरोबर ओल कोठून येते हे पाहावे. तिचे मार्ग साधारणतः चार.

पहिला, गळती : गच्चीची भेग, फुटलेले कौल, भिंतीतील नळ.

दुसरा, जमिनीतून वर चढणारी ओल. आपल्याकडील जुनी घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. हा दगड सच्छिद्र असल्याने जोत्यापासून पाणी वर शोषले जाते व भिंतीवर पांढरा खार फुटतो.

तिसरा, पावसाचा थेट मारा. पूर्वी नैर्ऋत्येकडील भिंतींवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधीत, ते याचसाठी. आजच्या इमारतींना पुढे आलेल्या वळचणी नाहीत आणि झापही नाहीत.

चौथा मार्ग, घरात आपणच निर्माण केलेली वाफ. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. पाच किलो सुती कपडे यंत्रात पिळून काढल्यानंतरही त्यांत अडीच ते तीन लिटर पाणी उरते. ते कपडे मुलाच्या खोलीत दोरीवर वाळत घातले तर ते सारे पाणी त्याच खोलीच्या हवेत जाते.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडील बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतील आहे. खोलीकडील बाजूस जमले तर ती हवेतील आहे. पहिल्या प्रकारात गवंडी किंवा प्लंबर यांना आधी बोलवावे. अशा भिंतीसमोर यंत्र चालवले तर ते भिंतीतून पाणी व त्याबरोबर खार ओढत राहील आणि विजेचे बिल तेवढे वाढेल. दुसऱ्या प्रकारात मात्र यंत्राचा खरा उपयोग होतो.

किती लिटरचे यंत्र?

दहा फूट बाय बारा फूट व दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. तिची आर्द्रता २८ अंशांना ८५ वरून ५५ टक्क्यांवर आणण्यासाठी घनमीटरमागे सुमारे आठ ग्रॅम, म्हणजे एकंदर पाव लिटरहून किंचित अधिक पाणी काढावे लागते. एवढेच असते तर छोटे यंत्रही पुरले असते. परंतु दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची दमट हवा सतत आत येत असते. तासाला एकदा खोलीतील हवा बदलते असे धरले, तर हेच काम दिवसातून चोवीस वेळा करावे लागेल. म्हणजे दिवसाला साडेसहा लिटर. त्यात माणसांच्या श्वासाची व घामाची वाफ वेगळीच. खिडकी सताड उघडी असेल तर हिशेबच संपला. मग यंत्र साऱ्या वाड्याची हवा सुकवू पाहील!

यंत्रावर लिहिलेला "दिवसाला इतके लिटर" हा आकडा बहुधा ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. हवा कोरडी होत जाते तसे यंत्र कमी पाणी काढते. ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास ते लिहिलेल्या आकड्याच्या निम्मेच काढेल असे धरावे. म्हणून साडेसहा लिटरच्या गरजेसाठी १२ ते १६ लिटर क्षमतेचे यंत्र योग्य. दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी काढणारी छोटी यंत्रे कपाटापुरती ठीक. खोलीसाठी ती निरुपयोगी होत.

कोणत्या प्रकारचे?

मोठ्या यंत्रांचे प्रकार दोन. कॉम्प्रेसर असलेले यंत्र हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातील वाफेचे पाणी करते. दुसऱ्या प्रकारात ओलावा शोषणारे चक्र असते व ते तापवून पुन्हा कोरडे केले जाते. हा दुसरा प्रकार थंड प्रदेशांत उपयुक्त. गोव्याच्या उबदार हवेत कॉम्प्रेसरचाच प्रकार घ्यावा.

दुकानात नावाची खात्री करावी. ह्युमिडिफायर हे यंत्र हवेत ओलावा सोडते; आपल्याला हवे त्याच्या नेमके उलट ते काम करते. या दोन नावांच्या घोटाळ्यात फसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

याखेरीज पुढील गोष्टी पाहाव्यात : हवा तो आर्द्रतेचा टक्का ठरवून देण्याची सोय, टाकी भरली की आपोआप बंद होणे, पाणी नळीने परस्पर मोरीत सोडण्याची सोय, वीज जाऊन आल्यावर यंत्र आपणहून पुन्हा सुरू होणे, कारण आपल्या पावसाळ्यात वीज वारंवार जाते, सहज काढून धुता येईल अशी जाळी, आणि ४५ डेसिबलहून कमी आवाज. "आयोनायझर" किंवा "ओझोनने शुद्धीकरण" अशी जाहिरात असेल तर ते यंत्र दम्याच्या मुलासाठी घेऊ नये. ओझोन हा वायू श्वासनलिकांचा दाह वाढवतो.

घरात वातानुकूलन यंत्र असेल तर प्रथम तेच वापरून पाहावे. तेही हवेतील पाणी काढते आणि उष्णता बाहेर टाकते. डीह्युमिडिफायर मात्र सारी उष्णता खोलीतच सोडतो, त्यामुळे खोली काहीशी गरम होते. तान्ह्या बाळाच्या खोलीत हे विशेष ध्यानात ठेवावे.

वापर

साऱ्या घराचा विचार न करता मूल झोपते ती एकच खोली निवडावी. आर्द्रता ५५ टक्क्यांवर ठेवण्याचे लक्ष्य धरावे. ३०० वॅटचे यंत्र दहा तास चाललेच तर तीन युनिट वीज खर्च होते. ते भिंतीपासून फूटभर दूर, मुलाच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. जाळी दर पंधरवड्याला धुवावी, टाकी रोज रिकामी करून पुसावी. जमलेले पाणी स्वच्छ दिसले तरी ते पिण्यास किंवा बाळाच्या बाटल्या धुण्यास वापरू नये. फरशी पुसण्यास चालेल.

आणखी एक सूचना आजीबाईंसाठी. पावसाळ्यात लंगोट वाळवण्यासाठी शेगडीवर टोपली पालथी घालणे व बाळाला धुरी देणे ही जुनी रीत. ती मायेपोटी आली, हे खरे. परंतु बंद खोलीतील धूर कोवळ्या फुप्फुसांना ओलीपेक्षाही अधिक जाचतो. या कामासाठी यंत्र नक्कीच अधिक सुरक्षित आहे. दोरीवरच्या कपड्यांखाली ते वेगळ्या खोलीत ठेवले की कपडे धुराविना वाळतात.

वैद्यकीय मर्यादा

दम्याच्या रुग्णांसाठी डीह्युमिडिफायरचा उपयोग किती, याचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१३ साली घेतला. रुग्णाला प्रत्यक्ष फायदा होतो असे म्हणण्यास पुरावा तुटपुंजा आहे, असाच त्याचा निष्कर्ष निघाला. कारण उघड आहे. माइट मरण्यास आर्द्रता आठवडेच्या आठवडे ५० टक्क्यांच्या खाली ठेवावी लागते आणि आपल्या जुलैमध्ये ते साध्या घरात जवळजवळ अशक्य. बुरशी, कुबट वास व दमट अंथरुणे यांवर यंत्राचा चांगला परिणाम दिसतो. माइटसाठी गादी-उशीला घट्ट विणीचे आवरण आणि चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुणे हेही हवे. आणि दमा आटोक्यात ठेवण्याचे काम प्रतिबंधक इन्हेलरचेच. खोली कितीही कोरडी झाली तरी तो डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये.

माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना एक विनंती करावीशी वाटते. जून ते सप्टेंबर या काळात वारंवार घरघर होणारे मूल तपासताना औषधांच्या प्रश्नांसोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत : मूल कोणत्या भिंतीला लागून झोपते? ओले कपडे कोठे वाळतात? आणि इन्हेलर रोज घेतला जातो का? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर डीह्युमिडिफायर घ्यावा की नाही, हे ठरवणे पालकांना बहुधा सोपे जाते.