शंकरपटाचा बैल : मीठ, पाणी आणि पोटॅश

बैलजोडी पळविण्याच्या शर्यतीस मराठवाडा व विदर्भ या भागांत शंकरपट म्हणतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या शर्यती बंद पडल्या होत्या. दिनांक १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरविला. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने पट भरविता येतो. शर्यतीच्या बैलाचा खुराक हा जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास कधीच परका विषय नव्हता. परंतु त्या खुराकात क्षारांचे स्थान कोणते, याचा विचार क्वचितच होतो.

परदेशात शर्यतीसाठी पाळलेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना पोटॅशियमयुक्त क्षार देण्याची चाल आहे. हे पाहून बैलासही तसेच द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यातच खताचे पोटॅश घरोघरी असते. पोटॅशने पीक कणखर होते, तर बैल का होणार नाही, असा तर्क करणे सोपे आहे. तो तर्क घातक आहे.

कुत्र्यास घाम जवळजवळ येत नाही; ते धापा टाकून अंग थंड करते. बैलास घाम येतो, आणि त्याच्या घामातून सोडियमपेक्षा पोटॅशियम अधिक जाते हेही खरे. परंतु बैल चारा खातो. ज्वारीच्या कडब्यात पोटॅशियमचे प्रमाण साधारणतः शेकडा एक किंवा त्याहूनही अधिक असते. आठ किलो कडबा खाणाऱ्या बैलाच्या पोटात त्यातूनच सुमारे ८० ग्रॅम पोटॅशियम जाते. माणसास जुलाबात देतात त्या एक लिटर जलसंजीवनीत १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे एक ग्रॅमहूनही कमी पोटॅशियम असते. तेव्हा अशी पुडी बैलास पाजून त्याची पोटॅशियमची गरज भागते असे मानणे म्हणजे विहिरीत तांब्याभर पाणी ओतण्यासारखे आहे.

कडब्यात उणीव असते ती सोडियमची, म्हणजे साध्या मिठाची. पूर्ण वाढीच्या बैलास दररोज ३० ते ५० ग्रॅम मीठ पेंडीत अथवा कुट्टीत मिसळून द्यावे. गोठ्यात चाटण वीट टांगल्यास उत्तम. मात्र मिठाबरोबर पोटभर पाणी हवेच. ज्या वर्षी गावास टँकरने पाणी येते, त्या वर्षी आधी पाण्याची तजवीज करावी व मग मिठाची मात्रा ठरवावी.

आता शर्यतीच्या वेळेचा विचार करू. बैल वेगाने धावतो तेव्हा स्नायूंतील पोटॅशियम बाहेर पडून रक्तात येते व तेथील प्रमाण काही काळ वाढते. विसाव्यानंतर ते आपोआप पूर्ववत होते. म्हणून धाव संपताच पोटॅशियम पाजणे म्हणजे नेमक्या चुकीच्या वेळी भर घालणे होय. रक्तात पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात व हृदय बंदही पडते. खताच्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये निम्मे वजन पोटॅशियमचेच असते. शंभर ग्रॅम खत पाण्यात विरघळवून पाजले, तर सुमारे ५० ग्रॅम पोटॅशियम एकदमच पोटात जाते. कडब्यातील पोटॅशियम चघळण्यात व रवंथात दिवसभर थोडेथोडे मिळते. दोहोंतील फरक येथेच आहे. शिवाय खत हे जनावरांच्या खाद्यासाठी बनविलेले नसते.

धाव संपल्यावर जू उतरवून बैलास सावलीत हळूहळू चालवावे. श्वास स्थिर झाला की थोडेथोडे पाणी अनेक वेळा पाजावे. अंगावरही पाणी मारावे. पाण्यात मूठभर गूळ घातल्यास हरकत नाही. परंतु बैल धापा टाकीत असता मान वर करून बांबूच्या नळीने काहीही पाजू नये. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसास सूज येते, आणि असे जनावर वाचविणे कठीण जाते.

पोटॅशियम खरोखर कमी पडते ते वेगळ्या बैलास : ज्याने अनेक दिवस वैरण सोडली आहे, किंवा ज्यास सतत हगवण लागली आहे. असा बैल मलूल होतो, त्यास उठवत नाही. त्यास किती क्षार द्यावेत हे पशुवैद्यानेच, शक्य तर रक्त तपासून, ठरवावे. अशा बैलास पटावर नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

शर्यतीनंतर बैल थरथरू लागला, मागचे पाय आखडले किंवा लघवी काळपट तांबडी झाली, तर स्नायूंस इजा झाली असे समजावे. फुटलेल्या स्नायूपेशींतून पोटॅशियम आधीच रक्तात उतरत असते; अशा वेळी बाहेरून ते देणे सर्वांत धोक्याचे. बैलास चालवू नये, सावलीत उभे अथवा बसते ठेवावे, पाणी समोर ठेवावे आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. १९६२ या क्रमांकावरही फिरत्या पशुवैद्यकीय पथकास बोलाविता येते. पशुवैद्यास बैल केव्हा धावला, लघवी कोणत्या रंगाची झाली आणि त्यास आधी काय काय पाजले, हे न लपविता सांगावे. खत पाजले असल्यास पिशवीच दाखवावी.