जुनी साखळी-करवत निवडताना
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील असंख्य झाडे उन्मळून पाडली, तेव्हा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीची निकड गावोगावी जाणवली. नवी परवडत नसल्यास ग्रामपंचायतीने जुनी घेण्यास हरकत नाही; मात्र चालक नवखा असेल तर साखळी-ब्रेक नसलेले यंत्र, ते कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. पात्याचे टोक लाकडास अडले की करवत क्षणार्धात चालकाच्या तोंडाकडे उसळते. ब्रेक साखळी तत्काळ थांबवितो. १९७० पूर्वीच्या यंत्रांत तो सहसा आढळत नाही. सायलेन्सर काढून पिस्टन न्याहाळावा; त्यावर खोल उभे ओरखडे असल्यास सौदा सोडावा. कुजलेली इंधननळी मात्र अल्प खर्चात बदलता येते. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.